सिक्वेन्स डायग्राम: प्रोजेक्टवाल्या टीमकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहिला रिव्ह्यू जवळ आला की ज्युनिअर्सचे मेसेज सुरू होतात. प्रश्न दर वर्षी जवळजवळ तेच, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवली आहेत. उदाहरणासाठी सगळीकडे एकच प्रोजेक्ट धरलाय: कॉलेज कॅन्टीनचं ऑर्डर ॲप. विद्यार्थी फोनवरून वडापाव मागवतो, यूपीआयने पैसे भरतो, टोकन मिळवतो आणि काउंटरवरून प्लेट उचलतो. तुमचा प्रोजेक्ट हॉस्पिटलचा असो की पार्किंगचा, नावं बदलून वाचा.

१. ताई, सिक्वेन्स डायग्राम म्हणजे नेमकं काय? फ्लोचार्टमध्ये पण क्रम असतोच ना?

असतो, पण फ्लोचार्ट फक्त "पुढे काय" एवढंच सांगतो. ते कोणी करायचं, याबद्दल तो गप्प बसतो. सिक्वेन्स डायग्राम कोण कोणाला, कोणत्या क्रमाने, काय सांगतं ते दाखवते. वरच्या ओळीत भाग घेणारे: विद्यार्थी, ॲप, सर्व्हर, पेमेंट गेटवे (पैशांचा व्यवहार करून देणारी बाहेरची सेवा). प्रत्येकाच्या खाली एक तुटक उभी रेघ, तिला लाइफलाइन म्हणतात. वेळ वरून खाली सरकते आणि एका रेघेवरून दुसरीकडे जाणारे आडवे बाण म्हणजे मेसेज.

दोन बाणांमधलं अंतर जास्त असलं म्हणजे मध्ये जास्त वेळ गेला, असं नसतं. अंतराला अर्थ नाही, फक्त आधी-नंतर याला आहे. व्हायवात हा प्रश्न हमखास येतो.

२. एका प्रोजेक्टला किती डायग्राम लागतात? आमचे सर म्हणतात प्रत्येक यूज केसला, म्हणजे वापरणाऱ्याच्या एकेका कामाला, एक.

माझ्या मते तीन-चार चांगल्या पुरेत. लॉगआउट किंवा प्रोफाइल फोटो बदलणं यात काढण्यासारखं काही नाही. दोन बाण जातात, एक परत येतो. जिथे पैसे आहेत, बाहेरची एखादी सेवा आहे, किंवा टीममधल्या दोघांचं काम एकमेकांना भिडतं, तिथे डायग्राम काढा. कॅन्टीन ॲपमध्ये अशा जागा तीन: ऑर्डर देऊन पैसे भरणं, काउंटरवर टोकन दाखवणं, आणि ऑर्डर रद्द करून पैसे परत मिळणं.

सर सगळ्यांसाठी मागत असतील तर वाद घालू नका. बाकीच्या छोट्या दहा मिनिटांत काढून जोडा. डोकं या तिघींवर खर्च करा.

३. कोड लिहून झाल्यावर डायग्राम काढली तर चालेल का?

रिपोर्टला चालेल. तुम्हाला चालेल का, ते आमच्या टीमची गोष्ट ऐकून ठरवा.

आम्ही चौघं. एकाकडे ॲप, एकाकडे सर्व्हर, माझ्याकडे डेटाबेस आणि चौथ्याकडे रिपोर्ट. डायग्राम सबमिशनच्या आदल्या रात्री काढायची असा सर्वमान्य बेत होता. डेमोच्या दिवशी स्टॉकमध्ये २० वडापाव टाकले, परीक्षकांसमोर एकेकाच्या तीन ऑर्डर दिल्या, आणि स्क्रीनवर शिल्लक दिसली १४. ॲपवाल्याला वाटत होतं की ऑर्डर गेल्यावर स्टॉक कमी करायला सर्व्हरला आपणच सांगायचं. सर्व्हरवाल्याने ऑर्डर नोंदवतानाच स्टॉक कमी केला होता. दोघांचा कोड आपापल्या जागी बरोबर होता. परीक्षक हसले, आम्ही नाही हसलो.

"स्टॉक कमी कर" हा बाण कोणाकडून कोणाकडे जातो, एवढं कागदावर आधी काढलं असतं तर भांडण दहा मिनिटांत मिटलं असतं, तेही परीक्षकांसमोर नाही. म्हणून डायग्राम कोडच्या आधी काढायची, निदान दोघांचे कोड जोडण्याच्या आधी तरी.

४. मग चौघांनी मिळून एक डायग्राम काढायची कशी? शेवटी एकच जण लॅपटॉपवर बसतो आणि बाकीचे रील बघतात.

लॅपटॉप बंद करा. प्रत्येकाने एक लाइफलाइन व्हायचं: एक जण ॲप, एक सर्व्हर, एक डेटाबेस, एक गेटवे. वहीचं पान फाडून चिठ्ठ्या करा. ॲप चिठ्ठीवर लिहितो, "ऑर्डर: २ वडापाव, विद्यार्थी क्रमांक ४१", आणि सर्व्हरच्या हातात देतो. सर्व्हरने फक्त हातातल्या चिठ्ठीवर जे लिहिलंय त्यावरच पुढचं काम करायचं, मनाने काही धरायचं नाही.

पाचव्या मिनिटाला कोणीतरी म्हणतंच, "थांब, किंमत कुठे आहे? ॲप पाठवणार की मी डेटाबेसमधून काढू?" हाच प्रश्न हवा होता. (किंमत सर्व्हरनेच काढायची. ॲपने पाठवलेली किंमत मान्य केली तर कोणीतरी एक रुपयात थाळी मागवेल.) चिठ्ठ्या आल्या त्या क्रमाने टेबलावर लावा, फोटो काढा. त्या फोटोवरून टूलमध्ये काढणं हे कारकुनी काम, ते एकाने केलं तरी हरकत नाही.

५. वरच्या चौकटीत काय लिहायचं? स्क्रीनचं नाव, क्लासचं नाव, की टेबलचं?

आधी किती जवळून बघताय ते ठरवा. लांबून बघत असाल तर ॲप, सर्व्हर, डेटाबेस, गेटवे अशा चौकटी पुरेत. सर्व्हरच्या आत शिरणार असाल तर क्लास (कोडमधले एकेका जातीच्या वस्तूचे साचे) येतील. दोन्ही एकाच चित्रात मिसळू नका. "सर्व्हर" ही एक चौकट आणि तिच्या शेजारी सर्व्हरच्याच पोटातला "ऑर्डर" क्लास ही दुसरी, ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे.

आत शिरताना तीन जातींची वाटणी उपयोगी पडते: बाहेरच्याशी बोलणारे, म्हणजे स्क्रीन, काम चालवणारे, म्हणजे ऑर्डरचा व्यवहार सांभाळणारा क्लास, आणि माहिती धरून ठेवणारे, म्हणजे ऑर्डर, मेनू, टोकन. बाउंडरी, कंट्रोल आणि एंटिटी ही त्यांची पुस्तकी नावं. यूएमएल, म्हणजे अशा डायग्राम काढायची प्रमाण चिन्हभाषा, तिच्या तीन जनकांपैकी इव्हार जेकबसन यांच्याकडून ही नावं आली. बाकीचे दोघे ग्रेडी बूच आणि जेम्स रम्बॉ.

नाव लिहिताना आधी वस्तूचं नाव, मग विसर्गासारखे दोन टिंब, मग क्लासचं नाव. वस्तूला नाव नसेल तर दोन टिंबांपासूनच सुरुवात करा. जुन्या नोट्समध्ये या नावाखाली रेघ असते. ती यूएमएल १ च्या काळातली पद्धत आहे, यूएमएल २ मध्ये लाइफलाइनच्या नावाला रेघ लागत नाही.

६. बाणांचा फार गोंधळ होतो. भरीव टोक, उघडं टोक, तुटक रेघ, कुठे काय?

अखंड रेघ आणि भरीव टोक: सांगणारा उत्तर येईपर्यंत थांबतो. अखंड रेघ आणि उघडं टोक: सांगून मोकळा होतो, वाट बघत नाही. तुटक रेघ आणि उघडं टोक: उत्तर परत आलं. नवी वस्तू जन्माला घालायची असेल तर तुटक बाण थेट तिच्या चौकटीला जाऊन भिडतो आणि ती चौकट वरच्या ओळीत नाही, त्या बाणाच्या पातळीवर असते. वस्तू संपली की लाइफलाइनच्या टोकाला फुली.

फोन करणं आणि व्हॉट्सॲप मेसेज टाकणं यात जो फरक, तोच पहिल्या दोन बाणांत. काही जुन्या पुस्तकांत न थांबणाऱ्या मेसेजला अर्धंच टोक दिसेल. आता तसं काढत नाहीत.

७. प्रत्येक मेसेजला परतीचा बाण काढलाच पाहिजे का?

नाही. परत येणाऱ्या गोष्टीवर पुढचं काही अवलंबून असेल तरच काढा, आणि काय परत आलं ते त्यावर लिहा. "ओके" असं लिहिलेले बारा तुटक बाण म्हणजे नुसती शाई.

८. लाइफलाइनवर ती उभी जाड पट्टी कुठे सुरू करायची आणि कुठे संपवायची?

मेसेज येऊन टेकतो तिथे सुरू, काम संपून उत्तर जातं तिथे शेवट. थांबणाऱ्या मेसेजमध्ये सांगणाऱ्याची पट्टी उत्तर येईपर्यंत चालू राहते, कारण तो अजून त्याच कामात अडकलेला असतो. वस्तूने स्वतःलाच मेसेज दिला तर पट्टीवर छोटी दुसरी पट्टी चढते. यूएमएल १ मध्ये या जाड पट्टीला ॲक्टिव्हेशन म्हणत, यूएमएल २ मध्ये एक्झिक्युशन स्पेसिफिकेशन. परीक्षक कुठल्याही नावाने विचारू शकतात. विद्यार्थी या माणसाच्या रेघेवर मी पट्टी काढत नाही.

९. जर-तर कसं दाखवायचं? आम्ही "होय" आणि "नाही" असे दोन बाण काढले, सरांनी खोडले.

ठीकच खोडले, ते फ्लोचार्टचं वळण झालं. इथे चौकट काढायची आणि डाव्या वरच्या कोपऱ्यात तिचा प्रकार लिहायचा. दोन किंवा जास्त वाटांतली एकच घ्यायची असेल तर ऑल्ट, मध्ये आडवी तुटक रेघ. एकच वाट आहे आणि ती घेतली तर घेतली, नाहीतर सोडली, असं असेल तर ऑप्ट. पुन्हा पुन्हा करायचं तर लूप. काहीतरी बिघडलं आणि पुढचं सोडून बाहेर पडायचं असेल तर ब्रेक. असे एकूण १२ प्रकार आहेत. विद्यार्थ्यांच्या प्रोजेक्टला हे चार, प्रश्न १० मधला पार आणि फार तर प्रश्न १२ मधला क्रिटिकल एवढे खूप झाले.

अट चौकोनी कंसात: [स्टॉक आहे]. ही अट ज्याच्या लाइफलाइनवर लिहाल त्याला ती माहीत असायला हवी. [स्टॉक आहे] हे ॲपच्या रेघेवर लिहिलं आणि स्टॉक सर्व्हरकडे असला, तर ॲपला ते कळलं कसं? तो बाण आधी कुठेतरी यायला हवा. चौकटीत चौकट एकदा ठीक. तिसरी आली की वेगळी डायग्राम काढा.

१०. पेमेंट गेटवे कसा दाखवायचा? आमचा बाण "पे" म्हणून जातो आणि "सक्सेस" म्हणून येतो, बस.

याच बाणावर सगळ्यात जास्त टीम आपटतात, म्हणून जरा लांबून सांगते.

आधी सरळ वाट. ॲप सर्व्हरला ऑर्डर देतो. सर्व्हर किंमत काढतो, ऑर्डर "पैसे बाकी" म्हणून नोंदवतो आणि गेटवेला सांगतो की अमुक रकमेचा व्यवहार उघड. गेटवे व्यवहार क्रमांक देतो, सर्व्हर तो ॲपला देतो, ॲप गेटवेची स्क्रीन उघडतो. विद्यार्थी पिन टाकतो. आता गेटवे दोघांना सांगतो. एक, ॲपला: झालं. दोन, थेट सर्व्हरला: झालं. या दुसऱ्या निरोपाला वेबहुक म्हणतात, आणि तो काढायला बहुतेक टीम विसरतात.

या दोघांत आधी कोण पोहोचेल याची खात्री नसते. म्हणून ते दोन निरोप पार चौकटीत टाका. पार म्हणजे आतल्या वाटांचा आपापसातला क्रम ठरलेला नाही. वेबहुकचा बाण उघड्या टोकाचा, कारण टोकन तयार होईपर्यंत गेटवे थांबत नाही.

आता प्रश्न विचारा: टोकन कोणाच्या शब्दावर द्यायचं? ॲपच्या शब्दावर नाही. फोन विद्यार्थ्याच्या हातात आहे, "झालं" हा मेसेज खोटा बनवता येतो. शिवाय पिन टाकून झाल्यावर बॅटरी गेली तर ॲप काहीच सांगणार नाही, पैसे मात्र कापले गेलेले असतील. टोकन सर्व्हरने वेबहुकवरून द्यायचं, आणि तेही त्यावरची सही (तो खरंच गेटवेकडून आल्याची डिजिटल खूण) तपासून. तपासण्याचा तो बाण सर्व्हरकडून सर्व्हरकडेच जातो. ॲपकडून आलेलं "झालं" हे फक्त "टोकन तयार आहे का?" असं विचारायला निमित्त.

पुढची गोम म्हणजे तोच वेबहुक दोनदा येऊ शकतो. सर्व्हरकडून वेळेत पोच मिळाली नाही की गेटवे पुन्हा पाठवतो. तुमच्या डायग्राममध्ये "टोकन दे" च्या आधी [या ऑर्डरला टोकन दिलेलं नाही] अशी ऑप्ट चौकट नसेल तर एका पैशात दोन प्लेटा जातील. आणि वेबहुक आलाच नाही तर? सर्व्हरने थोड्या थोड्या वेळाने गेटवेला व्यवहाराची स्थिती विचारायची. हे लूपमध्ये, पण वेगळ्या डायग्राममध्ये.

प्रोजेक्टमध्ये गेटवे टेस्ट मोडवर असला, खरे पैसे फिरत नसले, तरी हे बाण काढा. एक्स्टर्नल (बाहेरचे परीक्षक) इथेच बोट ठेवतात.

११. प्रत्येक डायग्राममध्ये आधी लॉगिन काढायचं का?

नको. लॉगिन एकदा काढा, बाकी ठिकाणी रेफ लिहिलेली चौकट आडवी टाकून आत "लॉगिन" लिहा. किंवा सुरुवातीलाच टीप द्या की विद्यार्थी लॉगिन केलेला आहे.

१२. दोन विद्यार्थ्यांनी शेवटचा वडापाव एकाच क्षणी मागवला तर ते कसं दाखवायचं?

एक डायग्राम म्हणजे एक प्रसंग. नेहमीच्या डायग्राममध्ये एकच विद्यार्थी असतो, म्हणून ही भानगड तिथे दिसतच नाही. तिच्यासाठी वेगळी काढा: डावीकडे पहिला फोन, उजवीकडे दुसरा फोन, मध्ये सर्व्हर आणि डेटाबेस. आता मुद्दाम वाईट क्रम लावा. पहिल्यासाठी सर्व्हर विचारतो, "किती शिल्लक?" उत्तर १. लगेच दुसऱ्यासाठी विचारतो, उत्तर पुन्हा १. मग दोघांसाठी एक-एक कमी करतो. शिल्लक उणे एक, आणि एक जण काउंटरवर उपाशी.

दुरुस्ती दाखवताना "बघ" आणि "कमी कर" हे दोन बाण क्रिटिकल चौकटीत घाला. आत दुसरं कोणी घुसू शकत नाही असा तिचा अर्थ. किंवा त्यांचा एकच बाण करा: "शिल्लक असेल तरच एक कमी कर". मला दुसरा पर्याय आवडतो, कारण कोडमध्येही ती एकच क्वेरी (डेटाबेसला दिलेली आज्ञा) होते. ही डायग्राम रिपोर्टमध्ये असली की मार्क मागावे लागत नाहीत.

१३. डेटाबेसची वेगळी लाइफलाइन हवी का?

एकच ठेवा. टेबलागणिक एक नको, आणि बाणावर अख्खी क्वेरी तर नकोच. "ऑर्डर नोंदव" एवढं बास.

१४. "क्लास डायग्रामशी जुळत नाही" असं एक्स्टर्नल म्हणाले. म्हणजे काय चुकलं?

क्लास डायग्राम म्हणजे क्लास आणि त्यांच्या मेथड (प्रत्येक क्लासला करता येणारी कामं) दाखवणारं चित्र. बाण ज्याच्याकडे जातो, त्या क्लासमध्ये त्या नावाची मेथड असली पाहिजे. ज्याच्याकडून निघतो त्याच्यात नाही. ही गफलत इतकी नेहमीची आहे की मी रिपोर्ट हातात आला की आधी हेच बघते. ऑर्डरसेवेकडून मेनूकडे "किंमत सांग" असा बाण असेल, तर "किंमत सांग" ही मेनूची मेथड.

तपासायची रीत सोपी: एक लाइफलाइन निवडा, तिच्यात शिरणाऱ्या सगळ्या थांबणाऱ्या बाणांची नावं काढा, क्लासच्या चौकटीतल्या मेथडशी ताडून बघा. जी मेथड कुठल्याच डायग्राममध्ये वापरली जात नाही ती खरंच लागते का, हेही विचारा.

१५. टूल कोणतं वापरू?

माउसने ओढून काढायचं असेल तर ड्रॉ डॉट आयओ. पण मध्येच एक बाण घालायचा झाला की खालचे सगळे सरकवत बसावं लागतं. म्हणून मी मजकुरातून चित्र करणारी टूल्स सुचवते, प्लँटयूएमएल किंवा मर्मेड. चार ओळी लिहिल्या की चित्र तयार, आणि फाइल कोडबरोबर गिटमध्ये (कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या टूलमध्ये) राहते. मर्मेड गिटहबवर थेट दिसतं, २०२२ पासून. प्लँटयूएमएलला आपल्या मशीनवर जावा लागतं.

दोघांत एक खोडी आहे. "->>" हे चिन्ह मर्मेडमध्ये भरीव टोक देतं, म्हणजे थांबणारा मेसेज. प्लँटयूएमएलमध्ये तेच चिन्ह उघडं टोक देतं, म्हणजे न थांबणारा. एकाची फाइल दुसऱ्यात चिकटवली की अर्थ उलटा होतो आणि कुठलाही एरर येत नाही. टोकांचे अर्थ प्रश्न ६ मध्ये आहेत.

१६. पानावर मावत नाही. फाँट ६ केला तर?

परीक्षकांचं वय बघा आणि मग ठरवा. सात लाइफलाइन आणि पंधरा-वीस बाण यापलीकडे ए-४ वर वाचता येत नाही असा माझा अनुभव. बिघाडाच्या वाटा वेगळ्या पानावर न्या, सामायिक भाग रेफने बाहेर काढा (प्रश्न ११). जे पहिल्यांदा बोलतात ते डावीकडे, असा क्रम लावला तर एकमेकांवरून उड्या मारणारे लांब बाण निम्मे होतात. रंगांवर विसंबू नका, ब्लॅक बुकची (बांधलेल्या प्रोजेक्ट रिपोर्टची) झेरॉक्स काळी-पांढरीच निघते.

१७. एआयकडून काढून घेतली तर?

चित्र सुबक येतं. पण त्याने तुमचा कोड पाहिलेला नसेल तर ते सर्वसाधारण कॅन्टीन ॲपचं चित्र असतं, तुमच्या नाही. मग तुमच्याकडे नसलेली "नोटिफिकेशन सर्व्हिस" उगवते, आणि व्हायवात "हा बाण कोडमध्ये दाखवा" म्हटल्यावर चौघं एकमेकांकडे बघतात. वापरायचंच तर प्रश्न ४ मधला चिठ्ठ्यांचा क्रम स्वतः लिहून द्या आणि त्याच्याकडून फक्त मर्मेडचा मजकूर करून घ्या. मग एकेक बाणावर बोट ठेवून कोडमधली ओळ शोधा.

१८. ताई, उद्या सबमिशन आहे आणि एकही डायग्राम काढलेली नाही. काय करू?

ॲप चालवा. सर्व्हरच्या प्रत्येक मोठ्या फंक्शनच्या पहिल्या ओळीत त्याचं नाव छापणारी ओळ टाका. एक ऑर्डर द्या, पैसे भरा, टोकन घ्या. कन्सोलवर जी यादी आली तोच तुमचा बाणांचा क्रम. ती यादी मर्मेडमध्ये लिहा, शेजारी क्लास डायग्राम ठेवून प्रश्न १४ प्रमाणे ताडून घ्या. यात दोन तास जातात. मग स्टॉक संपला असताना हेच पुन्हा करा, म्हणजे ऑल्टचा दुसरा भाग मिळेल. रद्द करण्याची डायग्राम वेळ उरला तर.

प्रिंट काढायच्या आधी छापण्याच्या त्या ओळी कोडमधून काढून टाका. एका टीमच्या डेमोत प्रत्येक ऑर्डरला कन्सोलवर "इथपर्यंत आलो रे बाबा" असं उमटत होतं.